सहा वाजताचं ‘ठीक’

अक्का,

काल तुझा तेरावा झाला. पंगती उठल्या, आणलेली भांडी मोजून परत गेली, मंडपवाला आपले बांबू घेऊन गेला आणि तुझ्या गिरणीच्या खोलीत मला पहिल्यांदा एकटीला बसायला मिळालं. स्विचबोर्डाच्या वर मी दिवाळीत चिकटवलेला कागद अजून तिथंच आहे. त्याच्यावर पिठाचा थर बसलाय, पण अक्षर वाचता येतं. माझंच अक्षर, मोठं आणि सरळ, प्रत्येक कलमाखाली रेघ मारलेलं. गणेश म्हणाला, मावशी, काढून टाकू का? मी म्हटलं, थांब. मला तुझ्या आईशी या कागदाबद्दल बोलायचंय.

तर बोलते. तू मधे बोलणार नाहीस, हे माहीत असूनही सवयीनं थांबत थांबत बोलते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू एकोणीसची. तू पालीला नांदायला येऊन दोन वर्षं झाली होती. माझं बोचकं उचलून तू मला या घरात आणलंस. पुढं दाजी गेले, पदरात गणेश, आणि तू गिरणीच्या मोटारीचा खटका स्वतः दाबायला शिकलीस. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं धाकट्या बहिणीला पदवीपर्यंत नेलं. हे सगळं गावाला माहीत आहे, त्यामुळे इथं थांबत नाही. मला पुढचं बोलायचंय.

ह्यांनी नौदलात बावीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर एका जुन्या सोबत्याकडून शिडाची बोट घेतली. तीस फुटांची, आत दोन माणसं झोपतील एवढीच. मीही औषध-भांडारातली नोकरी मुदतीआधी सोडली. दिवाळी झाली की कोकणच्या किनाऱ्यानं बंदर-बंदर करत खाली जायचं आणि होळीला परत यायचं, असं आमचं ठरलं. तुला सांगायला आले तेव्हा तू सुपात ज्वारी घेऊन बसली होतीस. हात थांबवला नाहीस.

“टँकर आला की लायनीत हुबं राहायचा कंटाळा येतो तुला. अन आता पाण्यातच राहायला चाललीस व्हय!”

बोटीचं नाव ‘बिंदुसरा’ ठेवलंय म्हटल्यावर मात्र तू वर पाहिलंस. “आमच्या धरणाचं नाव घिऊन कुठं बी बुडू नगा म्हंजे झालं. गावाची इज्जत हाय.”

सत्तावीस वर्षं मी औषधांच्या पेट्या मोजल्या, त्यामुळे मला यादीशिवाय श्वास घेता येत नाही, असं तू म्हणायचीस. बोटीवरही मी आधी याद्या केल्या. पाणी किती, डाळ किती, दोर कुठला, सुई कुठली. पण सगळ्यांत जास्त वेळ गेला तो फोनच्या यादीत. किनाऱ्यापासून आत गेलं की रेंजची एक काडी उरते, कधी तीही नाही. मग एक जुना फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत घालायचा, शिडाच्या दोरीनं डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवायचा आणि त्याचं इंटरनेट खाली दुसऱ्या फोनवर घ्यायचं. झेंडा चढवावा तसा आम्ही रोज फोन चढवायचो. त्या एका काडीवर बोलणं होत नाही, पण चार शब्द जातात आणि चार शब्द येतात. दिवसभर रेंज शोधून बॅटरी संपते, म्हणून फोन एरवी बंद. सकाळी सात ते सव्वासात हवामान पाहायला आणि संध्याकाळी सहा ते सव्वासहा तुझ्यासाठी. मी तुला हे सांगितलं तर तू सुनेला, मनीषाला हाक मारलीस. “ए मनीषा, ऐकलंस का? तुझी मावससासू फोनला फाशी देती रोज.”

तुला फोन शिकवायला मला चार दिवस लागले. पिठाच्या बोटांनी पडदा ऐकत नव्हता आणि तू त्याला दामटून दाबायचीस. पहिल्या वर्षी तू बोललेलं पाठवायचीस. तीन-तीन मिनिटांचं. मागं गिरणी घरघरतेय, कुणीतरी डब्याला नंबर विचारतंय, तू त्याला ओरडतेयस, मग परत माझ्याकडे वळून, “हां, तर काय सांगत हुते...” मला ते एका काडीवर उतरवून घ्यायला पंधराच्या पंधरा मिनिटं जायची, कधी अर्ध्यात तुटायचं. मी नियम केला. बोललेलं पाठवायचं नाही, फक्त लिहिलेलं. आणि जुने सगळे आवाज मी फोनमधली जागा भरते म्हणून पुसून टाकले.

अक्का, आज माझ्याकडे तुझा आवाज नाही. एकही नाही. मनीषाच्या फोनमध्ये शेजारच्या बारशाच्या व्हिडिओत तू मागून जातेस आणि “सरका की” एवढंच म्हणतेस. मी ते नऊ वेळा ऐकलं.

तू लिहायला शिकलीस, पण माझ्या पद्धतीनं नाही. मी म्हणायचे, फक्त ‘ठीक’ लिही. दोन अक्षरं, लगेच जातात. तुझं यायचं, “ठिक हाय. बाजरी आली. गनेशला सर्दी. तू जेवली का.” दुसऱ्या दिवशी, “ठिक हाय. शिरूरच्या टोळ्या गेल्या ऊसाला. गिरनी ओस.” एकदा नुसतंच, “ठिक हाय पर तू कावून यिना.” मी तुला झापायचे. तू परत फोन करून भांडायचीस.

“नंदे, त्या ऊसतोडीच्या बाया रानात पाल ठोकून राहत्यात. अंगात त्रान नसतं. तरी मुकादमाच्या फोनवरून घरी अर्धा घंटा बोलत्यात. म्हातारीनं काय खाल्लं, शेळी व्याली का, समदं इचारत्यात. अन तू? शिकल्या-सवरल्याली. ठीक म्हन अन गप बस!”

“अक्का, नियम सुरक्षेसाठी आहे. तुझं ‘ठीक’ आलं की मला कळतं आमचं पोहोचलं. आमचं आलं की तुला कळतं आम्ही बरे आहोत.”

“म्हंजे हजेरी.”

“हजेरीच समज.”

“मास्तरीन हायस तू. शाळा सोडून पान्यात गेल्याली.”

मागच्या वर्षीची ती संध्याकाळ तुझ्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही, मला माहीत आहे. आम्ही दाभोळ सोडून खाली निघालो होतो. सहा वाजले, सव्वासहा झाले, तुझं काही आलं नाही. साडेसहा. माझ्या डोक्यात जे जे यायचं ते सगळं आलं. ह्यांना म्हटलं, बोट वळवा, बंदरात चला, मला फोन लावायचाय. ते म्हणाले, वारा समोरून आहे, थोडं थांब. मी थांबले नाही. ओरडले. त्यांनी बोट वळवली, दोर ताणला, आणि दोर गुंडाळायची चरखी आणि दोर यांच्यामध्ये त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी सापडली. पहिलं पेर गेलं. बंदराला लागून दवाखाना गाठेपर्यंत दहा वाजले. तिथून गणेशच्या फोनवर लावला तर पालीला सकाळपासून लाईट नव्हती, तुझ्या फोनची बॅटरी मेली होती आणि तू कंदिलाच्या उजेडात निवांत बाजरी निवडत बसली होतीस.

त्यानंतर तू ह्यांच्या हाताकडे कधी बघितलं नाहीस. जेवायला वाढताना सुद्धा ताटाकडे बघून वाढायचीस. ते हसून म्हणायचे, “अक्का, दहातलं एक गेलं, नऊ हायत की.” तू उठून आत जायचीस. गणेशला सांगून तू लाईट नसताना फोन चार्ज करायचा डबा, पॉवर बँक, आणवलास आणि देवघरात ठेवलास, तोही रोज चार्ज करून.

आणि या दिवाळीत मी नवा कागद केला. परत तसं होऊ नये म्हणून. नीट, विचार करून केला. बोटीचा संदेश नाही आला तर पहिल्या दिवशी काय करायचं, दुसऱ्या दिवशी कुणाला फोन करायचा, तटरक्षकांना काय सांगायचं, बोटीचा रंग, शिडाचा रंग, आमच्या दोघांचे रक्तगट. एकूण अकरा कलमं. आणि सगळ्यांच्या वर, लाल शाईत, “रोज संध्याकाळी सहा वाजता ‘ठीक’ पाठवणे. काहीही झालं तरी. चुकवू नये. अक्काला जमलं नाही तर मनीषानं पाठवणे.”

मी खुर्चीवर चढून तो चिकटवत होते. तू खाली खुर्ची धरून उभी होतीस. मनीषानं तुला वाचून दाखवला. तू सगळा ऐकून घेतलास आणि म्हणालीस, “समदं तुमचंच हाय की ह्याच्यात.”

“म्हणजे?”

“तुमी बुडलाव तर काय, तुमी हरवलाव तर काय. अन हिकडं ठीक नसलं तर काय ल्हियाचं?”

“अक्का, तुला काय होतंय? तू जमिनीवर आहेस.”

“जमिनीवरचे मरत न्हाईत व्हय?”

“दिवाळीच्या दिवशी काय बोलतेस! बरं, ते नंतर बघू. एक कलम घालू.”

“घाल मग.”

“घालते गं. आता खाली तरी उतरू दे.”

मी उतरले. तू चकल्या बांधून दिल्यास. कलम राहिलं. मी भांडारात इतकी वर्षं काढली, संपत आलेली एक गोळी माझ्या नजरेतून सुटायची नाही, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं. खरं सांगू? सुटलं नाही. धोका समुद्रात असतो आणि पाली तिथंच असते, असं मी धरून चालले होते. गिरणी असते, धरण असतं, तू असतेस. जे हलत नाही त्याची यादी कशाला करायची?

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सोमवारी पहाटे आम्ही जयगड सोडलं आणि विजयदुर्गाकडे निघालो. वारा छान होता. फोन नियमाप्रमाणे बंद. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी आलो, सहाला पाच मिनिटं असताना फोन वर चढवला. एक काडी आली. पहिल्यांदा कंपनीचा निरोप आला, तुझ्या नंबरवरून पाच कॉल येऊन गेले. तीन अकरा ते बाराच्या मधे आणि दोन दुपारी. मी ते वाचलं. मनाशी म्हटलं, अक्काचा अंगठा. कारण मागं एकदा तुझ्या कमरेच्या पिशवीतून एका दुपारी मला अकरा कॉल आले होते आणि मी घाबरून परत लावला तर तू म्हणालीस, “मी कशाला लावू? तूच लावलास की.” आम्ही दोघी किती हसलो होतो त्यावर.

बरोबर सहाला तुझ्या नंबरवरून आलं, “ठीक”.

नुसतं ‘ठीक’. बाजरी नाही, सर्दी नाही, जेवलीस का नाही. दीर्घ ‘ठी’, माझ्या कागदावर आहे तसा. मी वहीत टिक केली. ह्यांना म्हटलं, “बघा. तीन वर्षं लागली, पण अक्का शेवटी शिकली.”

मी हे म्हणाले, अक्का. मी खूश झाले. तुझी चिता पेटून तेव्हा दीड तास झाला होता.

मंगळवारी ‘ठीक’. बुधवारी ‘ठीक’. दोन्ही दिवस आम्ही खाडीत नांगर टाकून होतो. वारा पडला होता म्हणून शीड शिवून घेतलं, पाणी भरलं. किनारा हाताच्या अंतरावर होता. तिथून एसटी मिळते, कोल्हापूर, सोलापूर करत एका दिवसात मी तुझ्या दारात आले असते. बुधवारी तुझी राख सावडली तेव्हा तरी मी तिथं असते. मी काय करत होते, माहीत आहे? वाटाणे वाळवत होते. गुरुवारचं वाण्याचं सामान लिहीत होते.

गुरुवारी बाजारात गेल्यावर चांगली रेंज मिळाली, म्हणून तुला झापायला फोन लावला. उचलल्या उचलल्या मीच सुरू झाले. “काय गं, पाच-पाच कॉल! अंगठ्याला कुलूप लाव एक.”

अकरा वाजलेले असूनही मागून गिरणीचा आवाज येईना.

“मावशी, मी मनीषा.”

“अगं, गिरणी बंद का? लाईट गेली का?”

“मावशी, तुमी पान्यात हायत का जमिनीवर?”

“जमिनीवर. बाजारात आहे.”

“काका जवळ हायत का?”

“मनीषा, काय झालंय?”

“आदी बसा कुठं तरी. बसलाव का?”

मी एका दुकानाच्या पायरीवर बसले. मग ती म्हणाली, “आत्याबाई गेल्या मावशी. सोमवारीच गेल्या.”

मी पहिलं काय बोलले असेन? मी म्हणाले, “सोमवारी तर ठीक आलं होतं.”

तुझ्या घरी मी शुक्रवारी सकाळी पोहोचले. बायांनी मला बघून पुन्हा हंबरडा फोडला. मी रडले नाही. मी मनीषाला हाताला धरून या खोलीत आणलं आणि दार लावलं. मला फार राग आला होता, अक्का. मी विचारलं, “का कळवलं नाहीस मला? सहा वाजता फोन चालू होता माझा. ‘ठीक’ कुणाला विचारून लिहिलंस?”

ती पोरगी भिंतीला टेकून उभी होती. पाच दिवस रडून तिचा आवाज बसला होता. तिनं हात वर करून कागद दाखवला.

“काहीबी झालं तरी, असं ल्हिवलंय मावशी. तुमच्या हातचं हाय. मसनातून मान्सं आली, आमच्या आंघोळी झाल्या, अन घड्याळात बघते तर सहाला दोन कमी. मी ओल्या केसानं इथं पळत आले. समदा कागद वाचला. वरून खाली, खालून वर. ह्याच्यात आमचं कायच न्हाई.”

“मग फोन करायचास.”

“दुपारी लावला की ह्यांनी दोनदा. मावशी येईस्तवर आईला ठिवू म्हनले. पर फोन बंद. तुमी कुठं हायत ते बी ठावं न्हाई, मग किती ठिवायचं? अन सहाला वाटलं, आता सांगितलं तर तुमी तशाच वळताल. मागं नुसता निरोप आला न्हाई तर काकाचं बोट गेलं. ह्या टायमाला काय जाईल? आत्याबाई पुन्यांदा पुन्यांदा म्हनायच्या, माझ्यापायी पाव्हण्याचं बोट गेलं. मला काय उमजंना. मी ल्हिवलं ठीक. हात उचलत नव्हता, पर ल्हिवलं.”

तिनं कागदाप्रमाणे केलं. भांडारात माझ्या हाताखाली अशी एखादी असती तर मी तिची शिफारस केली असती. मी तिला जवळ घेतलं आणि तेव्हा आम्ही दोघी रडलो, तुझ्या दगडाच्या जात्याला टेकून.

सकाळच्या तीन कॉलचं तिनं नंतर सांगितलं, मी विचारल्यावर. गिरणी चालू असताना तुला छातीत कळ आली. तू पट्टा बंद केलास, रांगेतल्या बायांना म्हणालीस डबे ठिवून जा, आणि पोत्यावर बसलीस. गणेश गाडी आणायला पळाला. तू मनीषाला म्हणालीस, “नंदीला लाव.” तिनं लावला. बंद. “पुन्यांदा लाव.” बंद. तिसऱ्यांदा लावायला तूच फोन हातात घेतलास. पिठाच्या बोटांनी. तोही लागला नाही, तेव्हा तू म्हणालीस, “असू दे. सहाला चालू हुतो तिचा.”

गाडी दारात आली तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि तू नव्हतीस.

अक्का, तू त्या शेवटच्या तासातही माझा नियम सांभाळलास. सहापर्यंत थांबायची तयारी केलीस. माझ्यावर रागावलीसुद्धा नाहीस. मनीषा म्हणते, रागावल्या नाहीत. मला वाटतं, रागावायला हवं होतंस. मला वाटतं, एकदा तरी तू म्हणायला हवं होतं, मर मेले तुझी यादी घेऊन. पण तू जन्मभर माझं सगळं मानत आलीस. मी शिकलेली म्हणून. आणि मी शिकलेली तुझ्यामुळे.

तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. सुरक्षेचं मी खोटं बोलत होते. म्हणजे अगदी खोटं नाही, पण अर्धं. सहा वाजता फोन वर चढवताना मला जे वाटायचं ते सुरक्षेचं नव्हतं. नऊ वर्षांची असताना शाळा सुटल्यावर मी या दारात यायचे आणि तू दिसेपर्यंत दप्तर खाली ठेवायचे नाही, तसं ते होतं. तू दिसायला हवीस, एवढंच. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी त्याचं कलम केलं. आणि तुझे ते बाजरीचे, सर्दीचे, उसाच्या टोळ्यांचे संदेश मी रागावले तरी पुसले नव्हते. लिहिलेलं जागा कमी घेतं. सगळे आहेत. परवा रात्री मनीषाला वाचून दाखवले. “तू जेवली का” हे एकूण एकशे चौदा वेळा आहे. मी किती वेळा उत्तर दिलं ते मोजलं नाही.

हे आले नाहीत, म्हणून गावात कुजबूज झाली. पाव्हणे कसे न्हाई आले, असं तिघी-चौघींनी तोंडावर विचारलं. ह्यांची चूक नाही. मीच येऊ दिलं नाही. त्या खाडीत नांगर घसरतो, बोटीवर माणूस हवं, तुम्ही थांबा, मी इकडचं बघते, असं मी निघतानाच सांगितलं होतं. रोज सहाला त्यांचा संदेश यायचा, “ठीक. येऊ का?” रोज मी लिहायचे, “ठीक. नको.” दहाव्याला कावळा बराच वेळ शिवेना तेव्हाही मी घरी येऊन लिहिलं, “ठीक. नको.” किराणा किती, ताटं किती, कुणाला आहेर, कुणाला गाडी, सगळं मी बघितलं. गणेश म्हणाला, मावशी होती म्हणून निभावलं.

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी इथं या पोत्यावर बसले होते. तू बसली होतीस त्याच. बाहेर दोन बाया दळण घेऊन आल्या, बंद दार बघून परत गेल्या. फोन वाजला. ह्यांचा संदेश. “ठीक. तू?”

मी ‘ठीक’ लिहिलं. मग त्याच्यापुढं लिहिलं, ‘नाही’. आणि पाठवलं.

मिनिटाच्या आत त्यांचा कॉल आला. संदेश त्यांनी रेंजसाठी धक्क्यावर उतरून पाठवला होता, तिथूनच बोलत होते, वाऱ्याचा आवाज येत होता.

“नंदा?”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“नंदा, येऊ का मी?”

मी तोंड उघडलं ते नांगराचं सांगायला. पंपाचं, दिव्याच्या बॅटरीचं, बोटीवर कुणाला ठेवायचं त्याचं. माझ्याकडे ती यादी तयार होती. पण बाहेर काही निराळंच आलं.

“या,” मी म्हणाले.

ते म्हणाले, “निघालोच.” बाकी काही विचारलं नाही. आज या वेळेला ते सोलापूरच्या पुढं असतील.

मी त्या पोत्यावरच बसून होते, फोन हातात धरून. इतकं सोपं होतं ते. एकच अक्षर.

अक्का, सोमवारी तीन वेळा फोन लावून तुला मला एवढंच म्हणायचं होतं का गं? ये, एवढंच?